जेवणखोलीतली पांढरी डबी

(तलासरीजवळचा एक कारखाना. बायकांच्या जेवणखोलीत वायरिंगवाला रविंद्र शिडीवर चढून त्यानंच बसवलेली छताजवळची डबी तपासतोय. इथली कामगार जिजा खाली उभी आहे.)

जिजा : खरं सांगा भाऊ, त्या पांढऱ्या डबीत कॅमेराच आहे ना?

रविंद्र : नाही हो मावशी. खोलीत कुणी हललं की हिला कळतं, दिवा लागतो. खोली रिकामी झाली की बंद. कोंदट झालं तर ती खिडकीही आपोआप उघडते. वीज वाचते, तुम्हालाही बरं वाटतं.

जिजा : कसलं बरं? बाया इथं जेवायच्या बंद झाल्या. उन्हात कंपाउंडला टेकून भाकर खातात.

रविंद्र : डबीला घाबरून?

जिजा : डबीला नाही. मला.

रविंद्र : तुम्हाला?

जिजा : परवा हिरूला कामावरनं काढली. पोटुशी आहे ती. कामाच्या वेळात चक्कर आली म्हणून घडीभर इथं आडवी झाली. दार लावलेलं, आत मी नि ती, दोघीच. साहेब डहाणूला. तिथनं त्यांनी सुपरवायझरला फोन केला, जेवणखोलीत कोण बसलंय बघ म्हणून. आता सगळ्या म्हणतात, जिजानंच चुगली केली.

रविंद्र : डहाणूवरून फोन केला?

जिजा : हो. का हो?

रविंद्र : मावशी, हिला माणूस ओळखता येत नाही. पण इथला दिवा लागला की साहेबांच्या मोबाईलवर दिसतं. ते कुठंही असोत.

जिजा : म्हणजे बघतेच की!

रविंद्र : कोण आहे ते कळत नाही. कुणीतरी आहे, एवढंच. दिवे फुकट जळू नयेत म्हणून असतं ते.

जिजा : तेवढ्यानंच पोरीचं काम गेलं. चला, बायांना सांगा हे.

रविंद्र : मी? अहो, चारोटीच्या युनिटचं काम साहेब मलाच देणार आहेत. त्यांच्या कानावर गेलं तर?

जिजा : मग मी सांगू? माझ्या हातचं पाणी घेत नाहीत त्या. हिरू तर माझ्या सख्ख्या भावाची पोर. काल मला बघून तिनं दार लावून घेतलं.

रविंद्र : असं करतो, ही खोलीच मोबाईलवरून काढून टाकतो. दिवा, खिडकी चालू राहतील, साहेबांना काही दिसणार नाही.

जिजा : काढा. पण त्यानं मला चुगलखोर म्हणायचं थांबेल का कुणी?

रविंद्र : शिडी धरा मावशी. उतरतो. कंपाउंडपाशी जाऊ.

जिजा : बायांना मागनं सांगा भाऊ. आधी हिरूच्या घरी चला.