रंध्याची वाटणी

बाबाराव : सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी भिंतीच्या पायथ्याची लाकडी पट्टी निघाली. लांबी साडेतीन फूट, तुकडे दोन. आता साडेनऊ झाले. घरमालक महादेवराव पाचच्या गाडीनं अमरावतीहून येतात. एवढीच हकीकत आहे, कवडू. सुतार तू, पुढचं तू पाहा.

कवडू : निघाली म्हन्ता बाबूसायेब, का काढली? हा पहारीचा वळ हाय.

इंदुताई : सांगा की. पट्टीमागं घूस आहे म्हणाले. रविवार आहे, मारून टाकतो म्हणाले. पहार घातली, तर निघाला रातकिडा.

बाबाराव : आवाज घुशीचा होता.

कवडू : मंग रातकिडा मारला का?

इंदुताई : उडी मारून स्वयंपाकघरात गेला. अजून ओरडून राहिला आहे.

कवडू : भिंतीच्या पायथ्याशी कोन पाहते बाई? टेबल सरकवा इकडं.

इंदुताई : महादेवराव पाहतात. सरकारी ओव्हरसिअर होते ते. दर साली येतात, याच खोलीत झोपतात, आणि सकाळी उठून फुटपट्टी घेऊन घरभर फिरतात. लाकडात एक खिळा ठोकला तरी घर खाली करायचं, असं कागदावर लिहून घेतलं आहे. आमच्या आधीचे भाडेकरू एका खुंटीपायी गेले.

बाबाराव : दोन खुंट्या होत्या.

इंदुताई : आठ वर्षं झाली मला या घरात. मागं लावलेल्या दोन संत्र्यांना यंदा पहिल्यांदा फळ धरलं आहे. घर सुटलं तर झाडं काय टांग्यात घालून नेऊ?

कवडू : नका घाबरू. सागवान माह्याकडं हाय. रंगाले जवसाचं तेल, चिमूटभर कात, थोडी काजळी. दुपारपावतो नवी-जुनी वळखू येनार नाही.

*

बाबाराव : साडेबारा. उत्तम. मी तीनदा मोजलं. उंची सहा इंच, जाडी पाऊण. वरचा गोलवा तोच, रंग तोच. महादेवरावांच्या बापाला कळणार नाही.

इंदुताई : सरका जरा.

बाबाराव : अगं, मोजून झालं आहे.

इंदुताई : डोळे मिटून हात फिरवू द्या. ... ही जुनी. इथवर जुनी. ही नवी.

बाबाराव : रंग ओला लागला असेल.

इंदुताई : रंग नाही. जुन्या पट्टीवर गोलव्याच्या खाली केसासारखी एक रेघ उभी आहे. बोटाला लागते. रोज ओल्या फडक्यानं पुसते मी, फडक्याचा दोरा तिथंच अडकतो. या नव्या पट्टीवर ती रेघ नाही. काय रे कवडू, खाली काहून पाहतो?

कवडू : बाई, तुमचं बोट सुतारनीचं हाय.

बाबाराव : म्हणजे तुला माहीत होतं?

कवडू : माहीत नसन तं काय! हे सारं काम माह्या बाचं हाय. त्याच्या रंध्याच्या पात्याले एक खाच पडली होती. खाच असली का लाकडावर रेघ उभी राह्यते. बा म्हने, राहू दे, ते माही सही हाय. घर बांधलं तवा महादेवराव रोज खुर्ची टाकून इथंच बसत. रंधा चालला का डोये मिटून आवाज आयकत. आवाज फाटला का म्हनत, थांब रे, धार लाव.

बाबाराव : मग चाकूनं कोर ती रेघ.

कवडू : साडेतीन फूट सरळ केस कोरनारा अजून जन्माले याचा हाय, बाबूसायेब.

इंदुताई : तो रंधा कुठं आहे?

कवडू : हाय.

इंदुताई : कुठं?

कवडू : अर्धा माह्या कमरेले हाय.

बाबाराव : अर्धा रंधा?

कवडू : तीन वर्सं झाली, बा गेला तवा वाटनी झाली. घर झालं, सागवान झालं, गाय झाली. रंध्यापाशी गाडी अडली. थोरला भाऊ शालिकराम म्हने माहा, मी म्हनो माहा. पंच दोन दिवस बसले, जेवले, पान खाल्लं, आन् निकाल देला. रंध्याचं लाकूड थोरल्याले, पातं धाकट्याले.

बाबाराव : आणि तुम्ही ते मान्य केलं?

कवडू : दोघंही खूश झालो. त्याले रंधा भेटला नाही, याची मले खुशी. मले भेटला नाही, याची त्याले.

इंदुताई : आणि हे पातं कमरेला बांधून फिरतोस?

कवडू : दर अमावास्येले तेल लावतो. फडक्यात गुंडाळतो.

बाबाराव : तीन वर्षं बिनलाकडाच्या पात्याला तेल! दुसऱ्या रंध्यात बसव ते.

कवडू : नाही बसत. वाकडं हाय, त्याच्याच लाकडात बसते. करून पाह्यलं मी.

इंदुताई : आणि शालिकरामनं दुसरं पातं बसवून पाहिलं असेल.

कवडू : मले काय माहीत? आमी बोलत नाही.

इंदुताई : राहतो कुठं?

कवडू : इतवारीत. पन मी बोलावनार नाही. सांगून ठेवतो.

इंदुताई : तुला कोण म्हणतं? टांगा बोलवा हो. मी जाते. माझ्या संत्र्यांसाठी जाते.

*

(दुपारी चारला पाच कमी. फाटकाशी टांगा उभा आहे.)

बाबाराव : आला का?

इंदुताई : आला आहे. रंध्याचं लाकूड मांडीवर घेऊन टांग्यात बसला आहे. उतरत नाही. धाकटा बोलवील तर उतरीन, म्हणतो.

कवडू : मंग बसू द्या. टांगेवाल्याची घोडी वैतागली का आपोआप उतरन.

इंदुताई : त्या लाकडालाही तेल आहे, कवडू.

कवडू : काय?

इंदुताई : चकचकीत आहे. हाताला लागलं माझ्या. जवसाचंच. मी विचारलं, कधी लावतोस? तर म्हणाला, अमावास्येला.

कवडू : ... बाचीच रीत होती ते.

बाबाराव : चार वाजून दोन मिनिटं.

कवडू : तुमचं घड्याळ जरा खिशात ठेवा, बाबूसायेब. ... ओ दादा! उतर गा! बाई-मानसाच्या घरापुढं तमाशा काहून लावून राहिला? ... हो, मीच बोलावून राहिलो! आयकू आलं ना? का अजून जोरानं सांगू?

इंदुताई : उतरला.

बाबाराव : आता आणखी काय? उभे काय राहिले दोघं?

कवडू : हा रंधा एकट्याचा नाही, बाबूसायेब. मोठा हाय. एकानं मागून ढकलाचा, दुसऱ्यानं समोरून दोरी ओढाची. ढकलनारा उस्ताद. बा ढकले, दादा ओढे. मी भुसा फुके.

बाबाराव : मग आज उस्ताद कोण, याला पुन्हा पंच बसवायचे काय?

कवडू : नाही. आना ते दोरी इकडं. ओढतो मी.

*

बाबाराव : पाच वाजून वीस. गाडी येऊन गेली असेल.

इंदुताई : काय बोलतात ते दोघं पडवीत?

बाबाराव : काही नाही. एकदा थोरला म्हणाला, हळू. एकदा धाकटा म्हणाला, आता तू ओढ. बाकी नुसता रंधा.

इंदुताई : रेघ उमटली?

बाबाराव : उमटली. मी हात फिरवून पाहिला. डोळे मिटून. दोन फूट झाली, दीड बाकी आहे.

इंदुताई : अहो, टांगा आला. महादेवराव.

बाबाराव : थांबव त्यांना! संत्री दाखव. प्रवासाचं विचार.

इंदुताई : थांबवावं लागत नाही. ते फाटकातच उभे आहेत.

बाबाराव : काय करून राहिले?

इंदुताई : काही नाही. ट्रंक खाली ठेवली आहे. डोळे मिटले आहेत.