बरगडी

डिंडोलीतल्या हाडांच्या दवाखान्यात शेजारी-शेजारी पुष्पाबाई आणि त्यांची लेक जयश्री बसल्या होत्या.

"माय, डॉक्टरांना ओट्यावरून पडले असं का सांगितलंस?"

"मग काय सांगू? पोरानं मिठी मारली आन् बरगडी मोडली?"

"हाडं पार ठिसूळ झालीत तुझी. दादाला सांगायला पाहिजे."

"त्याला नको सांगू."

"परवा दुबईला निघताना तो पुन्हा कवटाळेल तुला. दुसरी बरगडी मोडली म्हणजे?"

"मोडू दे."

"असं काय बोलतेस?"

"चार वर्षांनी आलाय, पोरी. त्याला कळलं तर घाबरेल. मला हातसुद्धा लावणार नाही. लांबूनच पाया पडेल आन् निघून जाईल."