मोडकी किल्ली आणि माझा पहिला उखाणा

माझा पहिला उखाणा लग्नात नाही, चिक्कडपल्लीत आमच्या बंद दारासमोर झाला. पोलीस ॲक्शननंतरचे दिवस; निजामाचं राज्य गेलेलं, कित्येक घरं ओस पडलेली. सासूबाई आणि मी समोरच्या देवळात जाऊन आलो, तर अर्धी किल्ली त्यांच्या हातात, अर्धी कुलपात, आणि आत शेगडीवर दूध!

टाळेवाले चाचा आले, पण कुलपाला हात लावेनात. "आजकल कोई भी बंद घरां खुलवाके घुस जारे, अम्मा. मालिक का नाम बोलो."

नवऱ्याचं नाव मी कसं घेणार? सासूबाईंकडे पाहिलं, तर त्यांचीही तीच पंचाईत. मुलाला त्यांच्या सासऱ्यांचंच नाव ठेवलेलं. तेही त्या घेत नाहीत.

"बाळचं घर आहे," त्या म्हणाल्या.

"बच्चे का नाम नक्को, मालिक का बोलो!"

आतून दूध उतू गेल्याचा वास आला. मी डोळे मिटले.

"शेगडीवर दूध, दारात मी उभी,
रघुनाथरावांच्या घराची मोडली चावी!"

चाचांनी चिमट्यानं तुकडा ओढून काढला आणि कुलूप उघडून दिलं.

संध्याकाळी सासूबाईंकडून कळल्यावर हे रुसले. "लग्नात सगळ्यांनी इतकं विनवलं, तेव्हा तोंड उघडलं नाहीस!"

म्हटलं, "तेव्हा दूध उतू जात नव्हतं."