कॉफीच्या जाहिरातीतली बंदूक

तुम्ही हसाल, पण सौदीत धाहरानला, परदेशी लोकांच्या कंपाउंडमध्ये राहत असताना एका कॉफीच्या जाहिरातीने माझी झोप उडवली होती. अमेरिकन चॅनेलवर ती सारखी लागायची. संध्याकाळचं पिवळं ऊन, मागे गिटार, आणि आजोबा आपली जुनी बंदूक नातवाच्या हातात देतात. मग निवांत कॉफी पितात. आमचा सहा वर्षांचा निहार तोंडातला घास तसाच ठेवून बघत बसायचा.

शेजारच्या अमेरिकन बाईंपाशी विषय काढला, तर त्या म्हणाल्या, "बंदूक हा आमचा हक्क आहे. आणि आजोबांची असली, तर आठवणही!" मला तर बाई म्हणून कंपाउंडच्या फाटकाबाहेर गाडी चालवायचाही हक्क नव्हता.

नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "अगं, दिवाळीत टिकल्यांची बंदूक मीही उडवायचो. काय वास यायचा!" म्हणजे याच्याही डोळ्यांत तेच पिवळं ऊन.

शेवटी मीच निहारला जवळ घेतलं. बंदुकीने माणसं मरतात, हे जमेल तितकं हळुवार सांगितलं आणि विचारलं, "तुला हवीय का रे तशी? खरं सांग."

"नको," तो म्हणाला. "पण आई, त्याचे आजोबा त्याला बंदूक देतात. आपले आबा सुट्टीत टीव्हीचा रिमोटपण देत नाहीत."