अण्णा आणि जपानी कार्टून

त्या ॲनिमे काढणाऱ्या जपानी लोकांचे माझ्यावर लई उपकार हायेत. हसू नका, ऐका.

आमचे अण्णा उमरीला इंग्रजीचे मास्तर होते. रिटायर झाले आणि त्यांना ऐकू येणं कमी झालं. टीव्हीवर काय चाललंय ते दरवेळी आम्हाला विचारायची त्यांना लाज वाटायची, म्हणून ते टीव्हीपुढं बसायचेच बंद झाले.

एका दुपारी मी ॲनिमे बघत होते. खाली इंग्रजी अक्षरं येत होती. अण्णा कधी मागं येऊन उभे राहिले, कळलंच न्हाई. एकदम हसले, तेही माझ्या आधी!

"कोणती भाषा बोलून राहिले हे?"

"जपानी!" मी ओरडून सांगितलं.

"तुला कळती?"

"न्हाई! मी बी खालचं वाचूनच बघते."

अण्णांनी खुर्ची ओढली. "मंग आपण दोघं सारखेच की! पहिल्यापासून लाव."