दोन खुणा वर

दुकानदार : मारा ताई, ह्या जाळीत अजून एक. स्क्रीनवरचे आकडे मी बघतो, तुम्ही चेंडू बघा.

बाबा : अहो, हाही उजवीकडेच गेला. गोल्फचा लांब मारायचा वुड आहे का झाडू?

दुकानदार : वेग बघा ना साहेब. जुन्या वुडपेक्षा पुष्कळ जास्त आहे. उंचीसुद्धा मिळतेय. राहिली फक्त दिशा.

बाबा : फक्त दिशा म्हणे. रविवारी निवड चाचणी आहे हिची. पुढच्या वर्षी वय उलटलं, म्हणजे हीच शेवटची. शेवटच्या होलला तळं आहे. तिथे चेंडू जोरात जायला हवा, उंच जायला हवा आणि पलीकडे हिरवळीवर टपकन बसायला हवा. झाडीत शोधायला नाही जायचंय आम्हाला.

दुकानदार : म्हणून तर हा काढला. तळाशी हे वजन आहे बघा. मागे सरकवलं की चेंडू उंच चढतो, पुढे आणलं की जोरात सुटतो. आणि इथे मानेपाशी डोकं सैल करून फिरवता येतं. तिथल्या खुणांप्रमाणे कोन बदलतो. जसा खेळाडू, तसा वुड.

बाबा : वजन मागे घ्या. मारू दे पुन्हा.

मुलगी : जरा थांबते. मनगट ठणकतंय.

बाबा : पट्टा नीट आवळ. रविवारी तुझ्यासाठी कुणी थांबणार नाहीये.

दुकानदार : ताई, राग मानू नका. चेंडूला लागताना तुम्ही मनगट अडवून धरताय, वळूच देत नाही. त्यामुळे उजवीकडे जातोय. असं मारायला शिकवलं कुणी?

मुलगी : ह्यांनी.

दुकानदार : असं होय. साहेब कोच आहेत का?

मुलगी : कोच आहेत, कॅडी आहेत, ड्रायव्हर आहेत. माझी बॅग दुसऱ्या कुणाला उचलूसुद्धा देत नाहीत.

बाबा : देणारही नाही. लहान होती तेव्हापासून मीच उचलतोय. आणि मनगट उगाच नाही धरायला लावलं. गेल्या वर्षीच्या चाचणीत हिने वुड हातात घेतला की चेंडू डावीकडे. तळ्यात, झुडपात, एक तर कुंपणाबाहेर. एका जागेने निवड हुकली. त्या दिवशी मला लोकांना तोंड दाखवायची सोय राहिली नाही.

मुलगी : ह्यांनाच तेवढं सांगायचं राहिलं होतं. मामाला सांगून झालंय, आत्याला सांगून झालंय, खालच्या वॉचमनलाही सांगून झालंय.

बाबा : आणि त्या दिवशी ही काय म्हणाली विचारा. हातातल्या क्लबचंच काहीतरी बिनसलंय म्हणे. नाचता येईना अंगण वाकडं.

दुकानदार : होतं हो साहेब, खेळात होतं असं. जुना वुड आणलाय ना? द्या इकडे. त्याची ठेवण बघून नवा तसाच लावू, म्हणजे हाताला परका वाटणार नाही.

बाबा : जुन्याचं काय बघायचंय? तो आता मोडीत. नव्याचं बोला.

मुलगी : बघू द्या की. बॅगेतच आहे. घ्या.

(दुकानदार जुना वुड दिव्याखाली धरून त्याची मान निरखतो.)

दुकानदार : हा दोन खुणा वर लावलाय.

मुलगी : म्हणजे?

दुकानदार : म्हणजे कुणीतरी फिरवलाय. कंपनीतून सगळे मधल्या खुणेवर येतात. स्क्रूवर ओरखडेही आहेत, बघा. तुम्ही नाही केलं?

मुलगी : मी पाना हातात धरलेला नाही कधी.

बाबा : दुकानातच केलं असेल. चल, वेळ जातोय.

मुलगी : दोन खुणा वर नेला की काय होतं?

दुकानदार : चेंडू उंच जातो. लोक त्यासाठीच करतात.

मुलगी : आणखी?

दुकानदार : आणखी म्हणजे, कोन वाढला की क्लबचं तोंड थोडं आत वळतं. ते फार कुणाच्या ध्यानात येत नाही. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू मग डावीकडे ओढला जातो. पण ते बघून घेता येतं हो, त्यात काय एवढं.

मुलगी : दुकानातून आणल्यावर कितीतरी महिने माझा चेंडू सरळ जात होता.

बाबा : सुतावरून स्वर्ग गाठू नकोस.

मुलगी : चाचणीच्या आदल्या संध्याकाळी बॅग हॉलमध्ये होती. तुम्ही म्हणालात, झोप तू, क्लब मी पुसून ठेवतो.

दुकानदार : मी पाणी आणू का?

मुलगी : सकाळी पहिल्याच फटक्याआधी मी तुम्हाला म्हटलं, बाबा, ह्याचं तोंड मला आत वळलेलं दिसतंय. तुम्ही म्हणालात, तुझ्या डोळ्यांचा दोष आहे. घरी आल्यावर डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलंत. डॉक्टर म्हणाले, डोळे उत्तम आहेत. त्यावर तुम्ही म्हणालात, मग मनातच खोट आहे.

बाबा : तुझा चेंडू खाली राहत होता. तळं पार होईना. मी वाचलं होतं, वर नेला की उंच जातो. तुझ्या भल्यासाठीच केलं. वाईट व्हावं म्हणून कुठला बाप करेल?

मुलगी : मला सांगितलं का नाही?

बाबा : तुझा खेळ उंचावला की मग सांगणार होतो. खुश झाली असतीस.

मुलगी : म्हणजे श्रेय घ्यायला सांगणार होतात. आणि चुकलं ते कधी कळलं तुम्हाला?

बाबा : आता कळलं ना, ह्यांनी सांगितलं तेव्हा.

मुलगी : बाबा.

बाबा : त्याच आठवड्यात. कंपनीची पुस्तिका पुन्हा वाचली, तेव्हा.

मुलगी : वर्ष झालं त्याला.

बाबा : तोवर तू मनगट धरून मारायला लागली होतीस. चेंडू सरळ जायला लागला होता. म्हटलं, आता कशाला. वुड परत मधल्या खुणेवर आणला असता तर चेंडू उजवीकडे गेला असता आणि तुला कळलं असतं.

मुलगी : म्हणून माझं मनगट गेलं तरी चालेल. रोज सकाळी ब्रश धरता येत नाही मला. तुम्ही समोर बसून चहा पीत बघत असता. रडले की म्हणायचात, खेळाडूला रडणं शोभत नाही.

बाबा : मला काय आनंद होत होता का ते बघून? माझ्या घशाखाली घोट उतरत नव्हता.

मुलगी : उतरत होता. दुसरा कपही मागायचात. अंगण खरंच वाकडं होतं, बाबा. तुम्हीच वाकवलंत, आणि वर्षभर सगळ्या नात्यागोत्यात मला नाचता येत नाही म्हणून सांगत फिरलात.

बाबा : चुकलो. आता काय, पाया पडू तुझ्या? ह्या माणसासमोर?

दुकानदार : साहेब, ताई, झालं ते झालं. रविवार तोंडावर आलाय. हा नवा मधल्या खुणेवरच ठेवू, वजन मागे घेऊ. ताई, मनगट मोकळं सोडून एकच मारून बघा. हळू मारा, जोर नको.

मुलगी : मारते.

दुकानदार : गेला की सरळ. आणि उंची बघा, साहेब. तळं आरामात पार. वेगही आहे.

बाबा : वा. बघ, तुझ्यात आहे ते. मी म्हणतच होतो. हाच घेऊ. बांधा हो हा, मी बॅगेत ठेवतो.

मुलगी : राहू द्या. माझ्या हातात द्या तो.

बाबा : रविवारी पहाटेच निघू. पोचून थोडे चेंडू मारता येतील. मी गाडी काढून ठेवतो.

मुलगी : मी एकटी जाईन.

बाबा : एकटी? आणि बॅग कोण उचलणार?

मुलगी : मैदानावर कॅडी मिळतात. नाहीतर मी उचलेन.

बाबा : ह्या मनगटाने?

मुलगी : दुसरा हात आहे.

बाबा : अगं, इतकी वर्षं मी तुझ्या बाजूला उभा आहे. लोक विचारतील, वडील कुठे गेले. मी येऊच नको म्हणतेस का?

मुलगी : या ना. दोरीच्या बाहेर बघायला आलेले लोक उभे असतात, तिथे जागा असते.