वकीलबाईंची फी

माझा जन्म येळ्ळूरचाच, आई-बा शेतात, भात पिकायचं पर त्येच्यावर घर चालंना, म्हणून मी फौंड्रीत लागलो. काय सांगू तुमास्नी, एक दिवस साखळी तुटली आणि लोखंडी पेटी उजव्या हातावर आली, अंगठा तेवढा ऱ्हायला. सरकारी हापिसानं पेन्शन नाकारली, म्हणाले, एवढ्या हातावर काम जमतंय की. मग खडेबाजारातल्या वकीलबाईंनी अपील घातलं. लई भली बाई. म्हणाल्या, अण्णा, फी आत्ता नको, निकाल लागू दे. निकाल लागला, पेन्शन चालू झाली, आणि जज्जसाहेबांनी लिवलं की वकिलाची फीबी हापिसानंच भरायची.

पर हापिस देईना. बाई म्हणाल्या, वसुलीचा अर्ज घालूया. आणि मला भ्या बसलं. खरं सांगतो, अपघाताच्या दिवशी सुदीक एवढा भ्यालो नव्हतो. अर्ज घातला की हापिसाला माझी आठवण व्हणार, आठवण झाली की हात परत तपासणार, आणि पेन्शन बंद. बायको म्हणाली, सुखाचा जीव दुःखात घालू नका, फी आपण देऊ हळूहळू. देणार कशातनं? त्या बाईनं एवढी वर्सं आमचं काम वढलं, तिच्या हापिसावरनं जाताना मी तोंड लपवून पलीकडनं जायचो. शेवटी अर्जावर डाव्या हातानं सही केली.

त्यातच रोप लावणीचा पैरा आला. आमच्यात तसंच असतंय, शेजारची लोकं आपल्या शेतात येत्यात, आपण त्यांच्यात जायाचं, मजुरी कोण घेत न्हाय. माझ्यात समदी येऊन गेलती, न जाऊन कसं चालंल? गेलो. डाव्या हातानं रोपाच्या पेंढ्या देत होतो, तर शेजारच्या पोरीनं फोटो काढून मोबाईलवर स्टेटसला लावला. तिच्या दारात जाऊन म्हटलं, बाई गं, काढ ते. काढला तिनं, पर तवर कुणी कुणी बघितला ते कसं कळावं? पुढं पैऱ्याला गेलोच न्हाय. लोकं म्हणाय लागली, पेन्शन मिळाली, माज आला. आयकून घेतलं, काय करता.

तारखेला कोर्टात हापिसाचा माणूस शेजारीच बसला. कन्नडात विचारलं, हात कसा हाय आता, काय काम करताय? म्हटलं, काय न्हाय साहेब, बसून आसतो. त्यानं पाण्याची बाटली पुढं केली. तहान तर लई लागलेली, पर झाकण कसं उघडतो ते बघंल म्हणून घेतलीच न्हाय.

फी मिळाली. बाईंच्या हातात दिली, पाया पडाय वाकलो तर त्यांनी धरलं. म्हणाल्या, अण्णा, पेन्शन गेलेल्या बोटांची हाय, डाव्या हातानं काम केलं म्हणून कोण काढून घेत न्हाय. पटतंय मला. तरी पोस्टमन गल्लीत शिरला की वाटतंय, हात तपासायचं हापिसाचं पत्र आलं, तो दुसऱ्याच्या दारात थांबला की मग श्वास सुटतोय.

देवानं तुमचं हातपाय धड ठेवावं, बाबा. लिवा समदं, पर नाव घालू नका. आणि बोलता बोलता मी ह्या शेंगा फोडल्या न्हवं का, तेवढं मातर लिवू नका.